गोचिडांपासून जनावरांचे व मुलांचे रक्षण

मुंबईस परळ भागात, एकमेकींपासून थोड्याच अंतरावर, दोन जुन्या संस्था आहेत. एक हाफकिन संस्था, जिचा जन्म प्लेगच्या संशोधनासाठी झाला. व दुसरी १८८६ साली स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय. बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय या महाविद्यालयाला लागूनच आहे. हाफकिन संस्थेवरून जाणारा रस्ता आचार्य दोंदे यांच्या नावाचा आहे, आणि प्राथमिक शिक्षकांना ते नाव नव्याने परिचित करून देण्याची आवश्यकता नाही. गोचिडाचा विचार करावयाचा तर या दोन्ही संस्थांच्या दारी जावे लागते. हा जीव वाढतो जनावरांच्या अंगावर. परंतु त्याच्याद्वारे पसरणारे काही रोग माणसापर्यंत पोहोचतात. खेड्यात अशी दोन निराळी दारे नसतात. तेथे गोठा, कुत्रा, मूल आणि काजूची बाग ही सर्व एकाच वहिवाटीत असतात, आणि त्या सर्वांवर रोज नजर जाणारा शिकलेला माणूस बहुधा शिक्षकच असतो. म्हणून हा विषय शिक्षकबंधू व भगिनी यांच्यापुढे मांडावयाचा आहे.

गोचीड आपल्या लोकांना नवा नाही. गाईच्या सडापाशी बसूनही दूध सोडून रक्तच पिणारा गोचीड ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात दृष्टान्तास आला आहे, आणि ‘गोचिडासारखा चिकटला’ हे आपण नको असलेल्या माणसाविषयी सहज बोलून जातो. ओळख इतकी जुनी असली तरी माहिती मात्र तोकडी आहे. पुष्कळ मुले, आणि मोठी माणसेही, गोचिडाला कीटक समजतात. कीटकाला सहा पाय असतात; गोचिडाला आठ. तो कोळी व विंचू यांच्या कुळातला होय. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिलाला मात्र सहाच पाय असतात व पहिली कात टाकल्यावर त्याचे आठ होतात, हे शिक्षकांनी ध्यानात ठेवावे. कारण एखादा चौकस मुलगा भिंगाखाली मोजून दाखवील आणि गुरुजींना खोटे ठरवील.

गोचिडाला पंख नाहीत आणि पिसवेप्रमाणे त्याला उडीही मारता येत नाही. तो गवताच्या किंवा झुडपाच्या टोकावर चढून बसतो, पुढचे दोन पाय पसरून वाट पाहतो आणि जवळून जाणाऱ्या प्राण्याच्या अंगाला लागतो. त्याच्या पुढच्या पायांवर एक सूक्ष्म इंद्रिय असते व त्याच्या योगे श्वासाची हवा, अंगाची ऊब व वास त्याला कळतात. आयुष्यात तो पिलू, अर्भक व प्रौढ अशा तीन अवस्थांतून जातो आणि प्रत्येक अवस्थेत त्याला रक्ताची गरज असते. अर्भक म्हणजे मधली अवस्था. ते खसखशीच्या दाण्याहून फार मोठे नसते; अंगावर चढले तरी कळत नाही आणि दिसले तरी तीळ किंवा मातीचा कण वाटतो. माणसाला सर्वांत जास्त धोका याच अवस्थेपासून आहे. रक्त पिऊन टच्च झालेली मादी मात्र कोणालाही ओळखू येते. ती एरंडीच्या बीसारखी दिसते. लॅटिन भाषेत गोचीड व एरंडी या दोहोंना एकच शब्द आहे, तो या साम्यावरूनच. ही मादी गळून खाली पडते, आडोशाला जाऊन हजारो अंडी घालते आणि मरते.

आता मुंबईच्या प्लेगची हकीकत थोडी आठवावी लागेल. ती विषयाबाहेरची नाही, हे पुढे दिसेल. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा रोग ओळखला, आणि पाहता पाहता तो गिरणगावात पसरला. हजारो माणसे शहर सोडून गावोगाव गेली. घरात उंदीर मरून पडू लागले की माणसांत रोग येतो, ही गोष्ट लोकांच्या अनुभवास आलेली होती. ‘उंदीर पडला, घर सोडा’ ही रीत खेड्यातही रूढ झाली. परंतु मेलेल्या उंदरापासून माणसापर्यंत रोग येतो कसा, हे कोणास उमगत नव्हते. पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ साली कराची येथे पिसवेकडे बोट दाखविले, तेव्हा त्यांचे म्हणणे फारसे कोणी मानले नाही. पुढे १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत प्लेगच्या चौकशीचे जे मोठे काम झाले, त्यात प्लेगच्या जागी गिनीपिगांचे पिंजरे ठेवून पाहण्यात आले. जमिनीवर ठेवलेल्या पिंजऱ्यांतील प्राण्यांना रोग झाला; जमिनीपासून दोन फूट उंच टांगलेल्या पिंजऱ्यातील प्राणी वाचले, कारण पिसवेची उडी तितकी उंच जात नाही. हवा तीच, खोली तीच. फरक फक्त उंचीचा. इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग शालेय विज्ञानाच्या पुस्तकांत अधिक ठळकपणे यावयास हवा होता, असे प्रस्तुत लेखकास नेहमी वाटते.

या प्रयोगातून निघालेला बोध असा : प्राणी मेला की त्याचे अंग थंड पडते, आणि त्याच्यावर जगणारे परजीवी ते सोडून दुसरा प्राणी शोधू लागतात. मेलेला उंदीर धोकादायक, कारण त्याच्या पिसवा त्या घटकेला मोकळ्या झालेल्या असतात. गोचिडांच्या बाबतीत हाच न्याय आपल्या कोकणात मेलेल्या माकडाला लागू पडतो.

१९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर नावाच्या जंगलाच्या परिसरात माकडे मरू लागली आणि जवळच्या गावांतील माणसांना तीव्र ताप येऊ लागला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञ तेथे गेले. माकडे मरत असल्यामुळे प्रथम आफ्रिकेतील पीतज्वराची शंका आली होती. पण तपासाअंती एक नवाच विषाणू सापडला, आणि तो गोचिडांतून पसरतो असे सिद्ध झाले. हे केंद्र १९५२ साली स्थापन झाले होते व पुढे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था या नावाने प्रसिद्ध झाले. रोगाला जंगलाचे नाव मिळाले. आपल्याकडे त्याला माकडताप म्हणतात. कित्येक दशके हा रोग कर्नाटकातच राहिला. नंतर तो सह्याद्रीच्या रांगेने दक्षिणेस व उत्तरेस सरकला. २०१५ साली गोव्यात सत्तरी तालुक्यात आणि २०१६ च्या आरंभी सिंधुदुर्ग जिल्ह्यात दोडामार्ग तालुक्यातील केर गावाकडे तो दिसून आला. पुढे सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसरातही त्याने माणसे आजारी पाडली आणि काही दगावली. बेळगाव जिल्ह्यातून काजूच्या कामासाठी गोव्याकडे गेलेले मजूर ताप घेऊन घरी परतले, हेही २०१६ सालीच घडले.

या रोगाचा विषाणू वाहणारा गोचीड जंगलात राहतो. उंदीर, चिचुंद्री, खार यांसारख्या लहान प्राण्यांवर त्याची पिले व अर्भके वाढतात. प्रौढ गोचिडांना मोठे जनावर लागते, आणि जंगलात चरावयास जाणारी गुरे ती गरज पुरवितात. गुरांना स्वतःला हा रोग होत नाही, परंतु गोचिडांची संख्या त्यांच्यामुळे वाढते. वानर व माकड मात्र या रोगाने मरतात. मेलेल्या माकडाच्या अंगावरील गोचीड आसपासच्या पाल्यात उतरतात, आणि ती जागा पुष्कळ दिवस धोक्याची राहते. म्हणूनच आरोग्य खात्याचे लोक अशा ठिकाणाभोवती सुमारे ५० फुटांच्या परिघात कीटकनाशक भुकटी टाकतात. अर्भकांचा सुकाळ साधारणतः नोव्हेंबरापासून मेपर्यंत असतो आणि माणसांतील रोगी जानेवारी ते मे या महिन्यांत अधिक आढळतात. हाच काळ काजू वेचण्याचा, सुके लाकूड आणण्याचा आणि पाला-पाचोळा गोळा करण्याचा. मुलांच्या शाळेतील गैरहजेरीचाही तोच काळ, हे शिक्षकांना सांगावयास नको.

तेव्हा शाळेत पहिली शिकवण द्यावयाची ती ही, की माकड मेलेले दिसले तर जवळ जावयाचे नाही, काठीने ढोसावयाचे नाही, पुरावयाचे नाही. पाहिलेल्या मुलाने त्याच दिवशी गुरुजींना सांगावयाचे. गुरुजींनी ती वार्ता प्राथमिक आरोग्य केंद्रास व वनरक्षकास त्वरित कळवावी आणि त्या वाटेने मुलांचे जाणे-येणे थांबवावे. तेथील पाला गोठ्यात अंथरण्यासाठी आणू नये, हे पालकांस सांगावे. माकडे मारून टाकावीत असे कोठे कोठे बोलले जाते. ते सर्वस्वी चुकीचे आहे. माकड हे रोगाचे भक्ष्य आहे, आणि आपल्याला मिळणारी पहिली सूचनाही त्याच्यापासूनच मिळते.

आता घराकडे वळू. लालबाग-परळच्या चाळींत किंवा गिरगावातील जुन्या घरांत जो गोचीड कुत्र्यावर आढळतो, तो निराळ्या जातीचा, तपकिरी रंगाचा. त्याच्या तिन्ही अवस्था कुत्र्यावरच जगतात. पण प्रत्येक वेळी रक्त पिऊन झाले की तो गळून पडतो आणि भिंतीवर चढतो. फटी, दाराच्या चौकटी, फरशीचे सांधे, कोनाड्यांचे कोपरे येथे तो लपतो, तेथेच कात टाकतो, तेथेच अंडी घालतो. उपाशीपोटी तो कित्येक महिने काढू शकतो. यावरून एक गोष्ट ध्यानात येईल : कुत्र्याच्या अंगावर जेवढे गोचीड दिसतात, त्यांहून कितीतरी अधिक घरात असतात. मालक कुत्र्याला औषध लावतो, आठ दिवसांनी पुन्हा गोचीड दिसतात आणि औषधाला दोष दिला जातो. औषध बहुधा ठीकच असते. भिंत राहून गेलेली असते. कुत्र्याचे अंथरूण कढत पाण्यात धुणे, फटी झाडून त्या सिमेंटने किंवा चुन्याने बुजविणे आणि पशुवैद्याच्या सल्ल्याने औषध ठरल्या अंतराने पुनःपुन्हा लावणे, ही तिन्ही कामे एकत्र केली तरच गुण येतो.

खेड्यातील शाळांना हे मुंबईचे उदाहरण परके नाही. सुटीत शाळेच्या ओटीवर गावातील कुत्री निजतात. जून महिन्यात शाळा उघडते तेव्हा त्याच ओटीवर पहिलीची मुले मांडी घालून बसतात. शाळा उघडण्यापूर्वी ओटी धुऊन काढावी, भिंतीच्या तळाच्या भेगा बुजवाव्यात आणि कुत्र्यांना बसण्यास तेथे जागा राहणार नाही असे करावे. त्यांना मारावे असा याचा अर्थ नाही.

गोचीड लागलेला कुत्रा खाणे सोडून मलूल झाला, त्याच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या, नाकातून रक्त आले किंवा लघवी गडद तांबडी झाली तर त्याला रक्ताचा रोग झाला असे समजून पशुवैद्याकडे न्यावे. वेळेवर उपचार झाल्यास असे कुत्रे वाचतात. संकरित गाईंना गोचिडांपासून होणारा थायलेरिया हा रोगही असाच घातक असतो. ताप येतो, कानाखालच्या व खांद्यापुढच्या गाठी सुजतात आणि दूध एकाएकी आटते. गोचिडामुळे जनावरांत रोग पसरतो, हे अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ व किलबोर्न यांनी गुरांच्या तापाविषयी संशोधन करून १८९३ साली जगापुढे मांडले. डासाविषयीची माहिती त्यानंतर पूर्ण झाली. इतकी ही विद्या जुनी आहे. गोठ्यापर्यंत मात्र ती अद्याप पुरती पोहोचलेली नाही. शेतात फवारण्याचे औषध अंदाजाने पाण्यात कालवून जनावराला चोळतात, आणि जनावर ते चाटते. असे कधीही करू नये. कुत्र्यासाठी आणलेले औषध मांजराला तर मुळीच लावू नये. त्यांपैकी काही औषधे मांजराला प्राणघातक ठरतात. कोंबड्या आणि बगळे गुरांच्या अंगावरचे गोचीड टिपतात हे खरे, पण तेवढ्यावर गोठा सोपविता येत नाही.

माणसाच्या अंगावर गोचीड आढळला तर काय करावे, याविषयी घरोघरी निरनिराळे उपाय आहेत. कोणी घासलेट लावतात, कोणी चुना, कोणी तंबाखूचे पाणी. कोणी जळती उदबत्ती टेकवितात. या सर्वांत दोष एकच. डिवचलेला गोचीड आपल्या तोंडातील व पोटातील द्रव जखमेत ओततो, आणि विषाणू असलाच तर त्याच द्रवात असतो. योग्य रीत फार सोपी आहे. बारीक टोकाच्या चिमट्याने गोचिडाला त्वचेच्या अगदी लगत, तोंडापाशी धरावे. फुगलेल्या पोटावर दाब देऊ नये. मग न पिळता, हिसका न देता, सरळ वर, सावकाश पण सतत ओढावे. काही क्षणांत तो सुटतो. तोंडाचा एखादा कण कातडीत राहिला तर सुईने उकरीत बसू नये. तो आपोआप निघून जातो. जागा व हात साबणाने धुवावेत. चिमटा नसेल तर बोटांना कापड किंवा प्लास्टिकची पिशवी गुंडाळावी, उघड्या बोटांनी धरू नये. शाळेच्या प्रथमोपचार पेटीत एक चांगला चिमटा असावा. त्याला फार खर्च येत नाही.

काढलेला गोचीड नखावर चिरडण्याची किंवा दगडाने ठेचण्याची सवय मुलांत फार आढळते. गुरे राखणारी मुले त्यात पटाईत असतात. ही सवय मोडली पाहिजे. २०११ साली गुजरातेत अहमदाबाद जिल्ह्यात काँगो तापाचे रोगी आढळले, व त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांपैकीही काही जण दगावले. तो विषाणू गुरांच्या गोचिडांतून येतो आणि चिरडलेल्या गोचिडाच्या रक्तातून हाताच्या ओरखड्यावाटे शरीरात शिरू शकतो. काढलेला गोचीड घट्ट झाकणाच्या बाटलीत स्पिरिटमध्ये टाकावा. गोठ्यात वाटीभर घासलेटात टाकला तरी चालेल. घासलेटाचा उपयोग येथे, कातडीवर नव्हे.

जंगलातून किंवा बागेतून आलेल्या मुलाने घरी येताच कपडे काढून कढत पाण्यात टाकावेत आणि साबण लावून स्नान करावे. पाहावयाच्या जागा ठरलेल्या आहेत : कानामागे, केसांच्या कडेला, काखेत, बेंबीत, जांघेत, गुडघ्यामागे आणि कमरेच्या करगोट्याखाली. ही तपासणी घरी आईने करावी. शाळेत फक्त मान, कान व हातपाय पाहावेत. जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा व लांब विजार घालावी, आणि उघड्या भागास आरोग्य केंद्राकडून मिळणारे गोचीड-प्रतिबंधक तेल लावावे. या रोगाच्या लशीवर विसंबून ही काळजी सोडू नये.

येथे मुंबईचा संबंध पुन्हा येतो. लालबाग, परळ, दादर येथील असंख्य कुटुंबांची गावची घरे सिंधुदुर्गात व रत्नागिरीत आहेत. मे महिन्यात मुले गावी येतात, काजूच्या बागांत दिवस दिवस हिंडतात आणि जूनच्या आरंभी परत जातात. माकडतापाचे विष शरीरात शिरल्यापासून सुमारे तीन ते आठ दिवसांत ताप येतो. म्हणजे गोचीड दोडामार्गात चावावयाचा आणि ताप परळच्या चाळीत यावयाचा. एकाएकी चढलेला तीव्र ताप, कपाळ फुटेल अशी डोकेदुखी, अंग मोडून येणे, वांत्या, पुढे हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त. मुंबईत हे पाहून प्रथम डेंग्यूची वा मलेरियाची शंका येणार, आणि ती रास्तच असते. ‘आम्ही गावी जंगलात गेलो होतो, गोचीड चावला होता’ हे वाक्य डॉक्टरांना कोणीतरी सांगितले, तरच योग्य तपासणी होते. बेळगावच्या मजुरांचा अनुभव हेच दाखवितो. यास्तव शिक्षकांनी एप्रिलच्या अखेरीस पालकसभेत हा विषय काढावा, आणि ज्यांच्या घरी मुंबईचे पाहुणे येणार आहेत त्यांना हे एक वाक्य पाठ करून ठेवण्यास सांगावे. गोचीड काढल्याचा दिवस भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहून ठेवला तर फार उपयोग होतो.

सर्व गोचीड विषारी नसतात व बहुतेक दंशांपासून काहीही होत नाही, हेही सभेत स्पष्टपणे सांगितले पाहिजे. नाहीतर लोक घरचा कुत्रा सोडून देतील आणि मुलांना अंगणातही जाऊ देणार नाहीत. परंतु दंशानंतर दोन आठवड्यांत ताप आला तर तो घरी अंगावर काढू नये. माकडतापाच्या रोग्यांपैकी शंभरात तीन ते पाच दगावतात. त्यावर खास औषध नाही, पण रुग्णालयात वेळेवर मिळालेली शुश्रूषा बहुतेकांना वाचविते. रक्तस्रावाचा संभव असल्यामुळे अ‍ॅस्पिरिनसारखी गोळी आपल्या मनाने देऊ नये. गोचिडांपासून होणारा दुसरा एक ताप आहे, त्यात तळहात व तळपायांवरही पुरळ उठते. त्यावर मात्र गुणकारी औषध आहे आणि ते लवकर सुरू करावे लागते. २०१८ साली नागपूर व विदर्भाच्या इतर भागांत पसरलेला स्क्रब टायफस गोचिडाच्याच कुळातील अतिसूक्ष्म जीवामुळे होतो, व त्यात दंशाच्या जागी काळी खपली दिसते. हे भेद ओळखणे डॉक्टरांचे काम आहे. शिक्षकाने फक्त दंश केव्हा व कोठे झाला एवढे त्यांच्यापर्यंत पोहोचवावे.

माकडताप एका माणसापासून दुसऱ्या माणसास लागत नाही. रोगी बरा होऊन शाळेत परत आला तर त्याला वेगळे बसविण्याचे काही कारण नाही. या रोगात ताप उतरल्यावर एक-दोन आठवड्यांनी काहींना पुन्हा ताप येतो व डोके दुखू लागते. आणि बरे झाल्यावरही अशक्तपणा पुष्कळ दिवस राहतो. अशा मुलाला कवायतीतून व शाळेच्या बागकामातून महिनाभर सूट द्यावी आणि बुडलेला अभ्यास हळूहळू भरून घ्यावा.